विटेला कोणी कळवलं नाही

शंभर वर्षांपूर्वीच्या, परक्या देशातल्या सत्तेची टिंगल करायला किती हिंमत लागते, असं तुम्हाला वाटतं? मला काहीच लागली नाही. इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या माझ्या खोलीत, एसी लावून, दोन सुट्ट्यांत मी ती गोष्ट लिहून काढली.

आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. मी अक्षरं गिरवली ती वडिलांच्या युनियनच्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. वडिलांना रशियन क्रांतीचा अभिमान होता. मला राग होता, की तिने विज्ञानालाही हात वर करून मत द्यायला लावलं. म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी लिहिलं ते सोव्हिएत राजवटीच्या पहिल्या वर्षांतल्या एका शहराबद्दल. तिथली समिती ठराव करते, की नव्या कारखान्याची वीट मजबूत आहे. ठराव एकमताने मंजूर होतो. विटेला मात्र कोणी कळवलेलं नसतं. विटा तपासणारा म्हातारा शास्त्रज्ञ खोट्या अहवालावर सही करत नाही, आणि त्याला दूर बर्फात पाठवून देतात.

तो म्हातारा मी आमच्या लॅबमधूनच उचलला होता. आम्ही काँक्रीट तपासतो. साइटवरून आलेले चौकोनी ठोकळे, म्हणजे क्यूब, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग मशीनखाली फोडायचे. हे काम मला रत्नागिरीच्या एका चाचांनी शिकवलं. आकडा रजिस्टरात लिहिण्याआधी ते फुटलेल्या तुकड्यावर खडूने लिहीत. रजिस्टर ऑफिसात जातं, म्हणायचे, तुकडा आपल्यासमोर राहतो.

अंक निघाला. आमचे साहेबच मंडळाचे अध्यक्ष. भर कार्यक्रमात त्यांनी माझी पाठ थोपटली. "काय जिरवलीस रे त्या रशियनांची!" सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्याच आठवड्यात एका टॉवरचे क्यूब फोडले. ताकद हवी होती चाळीस, आली चौतीस. चाचांनी तुकड्यावर चौतीस लिहिलं. साहेब म्हणाले, मशीन चुकलं असेल, एक्केचाळीस टाका. चाचांनी मशीन त्याच महिन्यात तपासल्याचा कागद पुढे केला.

"मशीन काय आपल्या पगारावर आहे, साहेब, मनासारखा आकडा द्यायला?"

साहेब चिडले नाहीत. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "तू समजूतदार आहेस. यल्ला, चल, खलास कर."

माझा व्हिसा दोन महिन्यांत संपणार होता. ते साहेबांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि चाचांनाही. चाचा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "तुझ्या गोष्टीतला म्हातारा सही करत नाही ना रे?"

मी एक्केचाळीस लिहिलं आणि सही केली. मग खडूने चौतीस लिहिलेला तो क्यूबचा तुकडा उचलून बाहेरच्या कचऱ्यात टाकला. तेवढं तर मला कोणी सांगितलंही नव्हतं.

माझा व्हिसा वाढला. चाचांचा करार वाढला नाही. बर्फात नाही, रत्नागिरीला पाठवलं, एवढाच माझ्या गोष्टीत आणि खऱ्यात फरक. जाताना त्यांनी दिवाळी अंक बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवला. यात मी आहे असं मुलीला सांगेन, म्हणाले. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या टॉवरचा आता आठवा मजला चढतोय. आमची बस रोज त्याच्यासमोरून जाते. मी कुठेही कळवलेलं नाही. वडिलांना फोनवरही नाही. त्यांनी गोष्टीचं पान कापून भिंतीवर लावलंय.

तो अंक इथल्या बऱ्याच घरांत अजून असेल. तुमच्याकडे असेल तर एक करा. माझ्या गोष्टीच्या शेवटच्या ओळीखाली पेनने, पुसता येणार नाही असं, चौतीस लिहा. कोणी विचारलं तर तो आकडा कशाचा आहे, तेही सांगा.