तिसऱ्या वायरीची टोपी

भिंगकाकांच्या कपाळावर घड्याळ बघायचं भिंग कायम चढवलेलं असे. दुपारी दुकानातून घरी जेवायला आले तरी ते तिथेच. काकू म्हणायच्या, "अहो, भाजीत मीठ आहे की नाही ते बघायला भिंग लागत नाही. काढा ते." पस्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून त्यांनी नाव कमावलं होतं, आणि नावाबरोबर ताठाही. ताठा माणसाला फुकट मिळतो, म्हणून तो जरा जास्तच घेतला जातो.

त्यांचा धंद्यातला एक नियम होता. गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकायचं नाही, घड्याळ काय सांगतं ते ऐकायचं. गिऱ्हाईक म्हणणार, "पडलं नाही हो, पाण्यातही गेलं नाही, टेबलावर ठेवलेलं आपोआप बंद पडलं." आणि उघडून बघावं तर आत तळं साचलेलं. त्यामुळे कोणी काही सांगायला लागलं की काका भिंग डोळ्यावर ओढत आणि म्हणत, "सगळे असंच म्हणतात." तशी पाटी रंगवून दुकानात टांगायची तेवढी बाकी होती.

गाडी घ्यायचं ठरलं ते काकूंच्या गुडघ्यांमुळे. आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामाच्या उपचाराला गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागे आणि बसची पायरी चढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. काकांनी ते दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा बघवेना. दोन गल्ल्या पलीकडे शिवणक्लास चालवणाऱ्या बाईंचे यजमान वर्षापूर्वी गेले होते. त्यांची गाडी अंगणात आच्छादन घालून उभी होती. बाईंना ती चालवता येत नव्हती आणि रोज बघवतही नव्हती, म्हणून त्यांनी ती स्वस्तात देऊन टाकली.

देताना त्यांनी सगळं सांगितलं. शिकवायची सवय असलेल्या माणसासारखं, सावकाश आणि दोनदा.

"गाडी जुनी आहे काका, पण प्रामाणिक आहे. हवेत गारवा असला की सकाळी थरथरते. घाबरायचं नाही. बॉनेट उघडायचं. तिसऱ्या वायरीची टोपी सैल झालेली असते, ती अंगठ्याने दाबायची. आमचे हे रोज तेवढंच करायचे. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"हं, हं," काका म्हणाले. त्यांचा कान बॉनेटला लागलेला होता. इंजिनाची धडधड ऐकून ते आपल्या मनाशी निदान करत होते, आणि बाई त्यांच्या दृष्टीने गिऱ्हाईकच होत्या. तशा त्या खरंच गिऱ्हाईक होत्या. चार वर्षांपूर्वी यजमानांचं मनगटी घड्याळ मागे पडतं म्हणून त्यांनी काकांकडे दिलं होतं, आणि ते परत आलं ते कायमचं बंद होऊन. "कुठेतरी पडलंय हे. आतली दांडी मोडलीय, तशी आता मिळत नाही," असं काकांनी सांगितलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "हे तर म्हणतात पडलं नाही." त्यावर काकांनी आपलं ठरलेलं उत्तर दिलं होतं. त्या घड्याळाचा विषय निघालेला काकांना आवडत नसे. गाडी घेताना तो निघाला नाही, म्हणून ते खूश होते.

पहिले पंधरा दिवस गाडी गुणी बाळासारखी चालली. मग एका गार सकाळी, काकू मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेल्या असताना, ती हीव भरल्यासारखी थरथरायला लागली.

"बाईंनी टोपीचं काहीतरी सांगितलं होतं ना?" काकू म्हणाल्या.

"बाईंना शिलाई मशीनमधलं कळतं. हे इंजिन आहे."

"आणि तुम्हाला घड्याळातलं कळतं."

ते वाक्य काकांना झोंबलं. काकू त्या दिवशी बसने गेल्या. काकांनी बॉनेट उघडलं, भिंग डोळ्यावर ओढलं आणि निदान जाहीर केलं, म्हणजे गाडीलाच सांगितलं, कारण ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. मळ! दहा घड्याळांतली नऊ मळाने बंद पडतात. मग इंजिन तरी दुसऱ्या कशाने अडणार?

रविवारी त्यांनी अंगणात पांढरं स्वच्छ फडकं पसरलं. प्लगच्या चारही वायरी एकदम उपटल्या. चारही प्लग काढले, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासले, पुसले आणि फडक्यावर ओळीने मांडले. दुकानात ते असंच करत. घड्याळाची चाकं ओळीने मांडायची आणि त्याच ओळीने परत बसवायची. यात त्यांचा हात कधी चुकला नव्हता. फक्त इथे वायरींचं एक टोक सरळ ओळीत बसत होतं आणि दुसरं एका गोल डब्यावर, आणि त्या गोलावर कुठली वायर कुठे होती हे त्यांनी बघून ठेवलं नव्हतं. चार वायरी, चार भोकं. एक, दोन, तीन, चार. यात कसलं डोकं लागतंय?

चावी फिरवली. गाडी खोकली, शिंकली आणि मागून असा काही बार उडाला की समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. पुन्हा फिरवली, पुन्हा बार. एका खिडकीतून कोणीतरी विचारलं, "काका, लढाई कुठल्या देशाशी?" काका दातओठ खात चावी फिरवत राहिले. शेवटी बॅटरीनेही मान टाकली.

आपलं चुकलं असेल, हा विचार त्यांच्या मनाच्या दाराशी येऊन गेला असावा, पण त्यांनी त्याला आत घेतलं नाही. एवढी सफाई केल्यावरही गाडी चालत नाही, म्हणजे मुळातच ती मोडकी होती. फसवलं आपल्याला! गोड बोलून गळ्यात मारली! हात न धुता, काळी बोटं घेऊन, ते तरातरा दोन गल्ल्या चालत गेले.

बाईंच्या पुढच्या खोलीत क्लास चालू होता. सहा मशीनवर सहा जणी बसल्या होत्या आणि बाई खडूने एका झग्याच्या कापडावर खूण करत होत्या. काका दारातूनच सुरू झाले. "गाडी सरळ चालायचं नाव घेत नाही. बार उडतायत! हे सगळं तुम्हाला माहीत होतं."

एकेक करून सहाही मशीन थांबली.

"मी टोपीचं सांगितलं होतं काका," बाई म्हणाल्या. "तेवढंच होतं. दुसरं काही नव्हतं."

"सगळे असंच म्हणतात! विकणारा कधी म्हणतो का माझा माल खोटा? बाईमाणूस, त्यात यजमान गेलेले, म्हणून विश्वास ठेवला. चांगलं फळ मिळालं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते शेवटचं वाक्य ऐकू आलं, पण तोंडातून गेलेलं परत कुठे घेता येतं? बाईंच्या हातातला खडू मोडला होता. त्या म्हणाल्या, "गाडी आणून ठेवा. पैसे घेऊन जा. मात्र मी खोटं बोललेले नाही, एवढं या मुलींसमोर सांगते."

गावाचं तोंड लहान नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुकानासमोर लोक काकांना थांबवून विचारू लागले, "बाईंनी म्हणे तुम्हाला टोपी घातली?" आणि सहा जणींपैकी दोघींनी क्लास सोडला असं काकूंच्या कानावर आलं. त्यांच्या आयांचं म्हणणं, अशा बाईंकडून मुली काय शिकणार? काकूंनी ते ताट वाढता वाढता सांगितलं. काकांनी हातातला घास ताटात परत ठेवला, पण म्हणाले, "मग? मी काय खोटं बोललो?"

गाडी परत नेऊन ठेवायची तर ती चालू व्हायला हवी, म्हणून त्याच संध्याकाळी मेकॅनिकला बोलावलं. तो आला, गुडघ्यावर हात टेकून इंजिनात वाकला आणि वाकलेलाच म्हणाला, "वायरी कोणी काढल्या होत्या?"

काका म्हणाले, "कोणी नाही. आधीपासूनच तशा होत्या."

इतक्या सहज ते खोटं तोंडातून निघून गेलं की त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

मेकॅनिकने वर बघितलंही नाही. "सगळे असंच म्हणतात, काका," तो म्हणाला आणि हसला.

पायरीवर बसून काकू सगळं ऐकत होत्या. त्यांनी काकांकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे बघा," मेकॅनिक सांगत होता. "इंजिनात ओळीने काम चालत नाही. पहिला पेटला की तिसरा, मग चौथा, मग दुसरा. तुम्ही, म्हणजे ज्याने कोणी लावल्या त्याने, एक दोन तीन चार लावल्या. मग बार नाही तर काय आरती होणार?" त्याने वायरी फिरवून लावल्या, बॅटरीला आपल्या गाडीच्या बॅटरीतून जोर दिला. इंजिन सुरू झालं, पण किंचित थरथरत होतं. मेकॅनिकने बोट फिरवत एकेक वायर चाचपली, एका जागी थांबला आणि अंगठा दाबला. थरथर थांबली.

"ही टोपी सैल होते, तिसरी. बाकी इंजिन झकास आहे. कोणीतरी जिवापाड सांभाळलंय. हिला दुसरा रोगच नव्हता."

मेकॅनिक गेल्यावर भिंगकाका उघड्या बॉनेटसमोर उभे राहिले. कपाळावरचं भिंग त्यांनी काढून खिशात टाकलं. लाज म्हणजे काय हे त्यांना माहीत आहे असं त्यांना वाटत होतं, पण ती अशी कानांच्या पाळ्यांपर्यंत गरम होऊन येते हे माहीत नव्हतं. धरणीने पोटात घ्यावं तर अंगण फरशीचं होतं.

"तुम्ही जाताय की मी जाऊ?" काकू म्हणाल्या. "माझ्याने चालवत नाही, पण मी जाईन."

काका दुसऱ्या दिवशी गेले, पण भित्र्या माणसाची वेळ निवडून. दुपारी एकला, क्लास नसताना. दारात उभं राहून, इकडे तिकडे बघून, हळू आवाजात त्यांनी सांगितलं की वायरी त्यांनीच उलटसुलट लावल्या होत्या, गाडीत काही खोट नव्हती, चुकलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, बोललात ते सहा जणींसमोर. आता माझ्या एकटीच्या कानात सांगून काय उपयोग? चार वाजता क्लास आहे."

चार वाजता भिंगकाका पुन्हा त्याच दारात उभे राहिले. चारच मशीन चालू होती. दोन स्टुलं रिकामी होती. मशीन थांबली. त्यांनी सांगितलं. वायरी मीच काढल्या, मीच चुकीच्या लावल्या. बाईंनी टोपीचं दोनदा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्या खोटं बोलल्या नाहीत, खोटं मी बोललो, मेकॅनिकलासुद्धा. ज्या दोघी गेल्या त्यांच्या घरी जाऊन मी हेच सांगणार आहे. बोलताना ते जमिनीवरच्या कापडाच्या चिंध्यांकडे बघत होते.

"बसा," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पाण्याचा पेला पुढे करून त्याही बसल्या. "गाडीचं झालं गेलं. काकूंना नेत जा तिच्यातून. पण तुम्ही आज इतकं मोकळं बोललात म्हणून विचारते. यांचं ते घड्याळ. तुम्ही म्हणालात, पडलंय. हे शेवटपर्यंत म्हणायचे, अगं नाही पडलं. आणि मी म्हणायची, कबूल करा की, पडलं तर पडलं! घड्याळवाला माणूस खोटं कशाला बोलेल? आजारपणातसुद्धा मी ते बोलून दाखवायची. काही हरवलं, सांडलं की म्हणायची, घड्याळासारखंच ना हेही? इतकी जुनी गोष्ट, पण मनातून जात नाही. ते खरंच पडलेलंच होतं ना हो?"

"हो" म्हटलं की संपत होतं. बाईंनाही हेच उत्तर हवं होतं, त्याने त्यांच्याही मनावरचं ओझं उतरलं असतं. ती गोष्ट काकांखेरीज कोणालाच माहीत नव्हती. चार वर्षांपूर्वीची दुपार, जेवून आलेली सुस्ती, हातातून सुटलेलं घड्याळ आणि फरशीवर झालेला तो बारीकसा आवाज. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हात चुकला होता, आणि तो चुकला म्हणायची त्यांची हिंमत झाली नव्हती.

त्यांनी पेला खाली ठेवला.

"पडलं होतं," ते म्हणाले. "माझ्या हातून. दुकानात."

एका मुलीने उगाचच मशीनचं चाक हाताने धरून ठेवलं होतं. बाई उठल्या आणि भिंतीवर लावलेल्या यजमानांच्या फोटोपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"ऐकलंत का," त्या म्हणाल्या. "नव्हतं पडलं तुमच्याकडून."