चुलीचं आवतन

माझ्या मैत्रिणीनं समुद्रकिनारी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा तिच्या आईनं पहिला प्रश्न विचारला तो समुद्राबद्दल नव्हता. "मंग गल्लीचं काय?" असं तिनं विचारलं.

आमच्या आष्टीकडे लग्नाचं बोलावणं, म्हणजे आवतन, दोन तऱ्हांचं असतं. एक घरटी एका माणसाचं. ते ओळखीपाळखीपुरतं. दुसरं चुलीचं. "चुलीले आवतन हाय" असं कोणी दारात येऊन सांगितलं, की त्या घरानं त्या दिवशी चूल पेटवायची नाही. म्हातारे, लेकरं, आलेला पाहुणा, सगळ्यांनी लग्नघरीच जेवायचं. आता घरोघरी गॅस आहे, पण शब्द चुलीचाच राहिला. आणि हे आवतन फेडावं लागतं. तुम्ही माझी चूल बंद ठेवली, तर माझ्या घरच्या लग्नात मी तुमची बंद ठेवीन.

मैत्रिणीच्या आईला मी मावशी म्हणते. माझं लहानपण त्याच गल्लीत गेलं. आईबाबा पुढे वर्ध्याला आले तरी माझा अर्धा जीव तिथंच राहिला. मैत्रिणीचे वडील ती शाळेत जायच्या आधीच गेले. मावशी अंगणवाडीत कामाला जायची आणि पोरीला भिंतीपलीकडच्या काकूंकडे सोडून जायची. दोन घरांत एकच भिंत, छातीएवढी. त्या भिंतीवरून वाटीनं भाजी जायची, साखर यायची, कधीकधी मैत्रीणसुद्धा उचलून पलीकडे जायची. काकू आम्हा दोघींना एका ताटात जेवायला वाढत आणि न संपवल्यास दोघींनाही सारखंच झोडपत. त्यांच्या तिन्ही लेकींच्या लग्नात मावशीची चूल बंद होती. आता मावशीची पाळी होती, आणि पोरगी म्हणत होती समुद्र.

मला स्वतःला या समुद्रावरच्या लग्नांचा मनस्वी कंटाळा आहे. माणसं कमी, फोटो जास्त. मी तसं तोंडावर बोलले. मैत्रीण पुण्यात नोकरी करते, भांडायला घाबरत नाही, पण त्या दिवशी ती हळू बोलली. "आई जन्मभर लोकांच्या लग्नात पोळ्या लाटत बसली. माझ्या लग्नात तिनं चांगली साडी नेसून खुर्चीवर बसावं. तिनं समुद्र पाह्यला नाई अजून. एवढंच पाहिजे मले." समुद्रावरची ती जागा लहान होती, खोल्या मोजक्याच. गल्लीला न्यायचं म्हटलं तरी शक्य नव्हतं.

"परत आल्यावर गल्लीला जेवण देऊ," असा तोडगा मी काढला. मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

"लगन होऊन गेल्यावर मांगून जेवू घालाचं? ते तं तेरवीच्या जेवणावानी होते व बाई."

निघायच्या आदल्या दिवशी मी आष्टीला गेले. मावशी घरोघर सांगायला निघाली होती, मी तिच्यासोबत. आवतन द्यायला नव्हे, आवतन देता येत नाही हे सांगायला. असं काम गल्लीत आजवर कोणी केलं नसावं. बायकांनी तिला तोंडघशी पाडलं नाही. पहिल्याच घरातल्या बाईनं आत जाऊन मूठभर ज्वारी आणली. "आमी नाई तं आमची मूठ तरी राहो. अक्षता टाकजो आमच्यातर्फे." आमच्याकडे अक्षता हळद लावलेल्या ज्वारीच्याच असतात. ते पाहून पुढच्या घरानंही मूठ दिली, त्याच्या पुढच्यानंही. माझ्या हातातली कापडी पिशवी जड होत गेली आणि मावशीचा चेहरा थोडा उजळत गेला.

काकूंचं घर तिनं शेवटी ठेवलं होतं. काकू दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत. मावशीचं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमची चूल चालू राहीन. तू काळजी नोको करू." आणि दार लोटलं. ज्वारी नाही, काही नाही.

वर्ध्याहून गाडीत बसलो तेव्हा मावशीनं पिशवीतल्या ज्वारीला हळद लावली आणि ती सारखी लागावी म्हणून पिशवी खालीवर हलवली. मग घरून आणलेल्या डब्यातून आपल्या ज्वारीची आणखी एक मूठ काढून त्यात टाकली. मी विचारलं, "ही कोणाची?" "तिची राह्यली होती," ती म्हणाली. थोड्या वेळानं परत म्हणाली, "तिले सांगू नोको. मांगून घेतल्यावानी वाटन."

समुद्र पाहून मावशी काय म्हणेल याची मैत्रिणीला फार उत्सुकता. तिनं आईला हाताला धरून पाण्यापर्यंत नेलं. मावशीनं पाय भिजवले, वाकून हात जोडले, आणि मागे वळून विचारलं, "हे मांगं घरं कोनाचे हाय?" आमच्या मुक्कामाच्या मागं, माडांच्या पलीकडे, एक वाडी होती. कौलारू पंधरावीस घरं. मैत्रिणीनं सांगितलं, इथल्या गावकऱ्यांची. मावशीनं नुसती मान हलवली. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीच्या तयारीत मावशी सापडेना. खोलीत नाही, किनाऱ्यावर नाही. तासाभरानं ती माडांच्या बाजूनं आली, हातात आवतनाचं कुंकू लावायचा करंडा (नवरा गेल्यावरही तो तिनं सोडला नव्हता) आणि चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी समाधान.

"सांगून आली सगळ्याईले," ती म्हणाली. "चुलीले आवतन देलं. एक आजी तं पोहे खाल्ल्याबिगर उठूच देत नव्हती."

मैत्रिणीच्या गालावर अर्धी हळद लागलेली. तिचा आवाज चढला. "आई! कोनाले इचारून? हे काय आपलं आष्टी हाय? इथं मोजून जेवण बनते! आन् अनोळखी लोकाईच्या लग्नात कोनी येते काय? आले नाई तं तूच रडशीन."

"येतीन," मावशी म्हणाली. "ज्याईच्या दारात मांडव टाकला त्याईले सांगा लागते. नाई तं लगन चोरून केल्यावानी होते."

मैत्रिणीचे डोळे भरले. मला दोघींचंही पटत होतं आणि दोघींचाही राग येत होता. घर पाहावं बांधून अन् लग्न पाहावं करून म्हणतात. ते आईच्या समोर पाहावं करून, असं म्हणायला हवं.

लग्न संध्याकाळचं होतं. वाळूत पांढरा मांडव, पांढऱ्या खुर्च्या, अक्षतांऐवजी कागदी शंकूंत गुलाबाच्या पाकळ्या. भोवती एक जाड दोरी बांधली होती. तिच्या आतली वाळू आमची, बाहेरची सगळ्यांची. मावशीला मैत्रिणीनं पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं. मोरपंखी साडीत ती इतकी छान दिसत होती, पण तिचं लक्ष मांडवाकडे नव्हतंच. ती मान वळवून वळवून माडांकडे बघत होती. मी मनात म्हणत होते, देवा, दोन माणसं तरी पाठव.

मंगलाष्टकांना सुरुवात व्हायची वेळ झाली आणि माडांतून माणसं येताना दिसली. बायकांच्या डोक्यात अबोलीचे गजरे, म्हातारे पांढऱ्या टोप्या घालून, लेकरं तेल लावून भांग पाडलेली. ती पोहेवाली आजी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांत पुढं. वाडीच्या वाडी आली होती. दोरीपाशी रखवालदारानं त्यांना अडवलं. लग्नाची व्यवस्था पाहणारी मुलगी धावत मावशीकडे आली, "हे लोक कोण आहेत?"

"आमचे पावने," मावशी म्हणाली आणि उठून दोरीपाशी गेली. पण तो रखवालदार काही दोरी वर करेना. त्यालाही त्याची नोकरी होती. वाडीची माणसं अवघडून एकमेकांकडे पाहायला लागली. आजी म्हणाली, "राहू दे हो बाई, आम्ही हितूनच बघतो." मावशीचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी आयुष्यात पुन्हा पाहू नये.

मैत्रीण पाटावरून हे सगळं पाहत होती. तिनं नवऱ्या मुलाच्या कानात काहीतरी सांगितलं. तो आधी गोंधळला, मग हसला. अंतरपाट धरणारे हात खाली आले. ती मुंडावळ्या सावरत उठली, साडी घोट्याच्या वर धरली आणि सरळ चालत येऊन दोरी ओलांडून पलीकडे उभी राहिली. तिच्यामागं नवरदेव, त्याच्यामागं अंतरपाट घेऊन त्याचे दोन मामा, आणि सगळ्यांत मागं "अहो मुहूर्त, अहो मुहूर्त" म्हणत गुरुजी.

"आई," ती म्हणाली, "इथं तं कोनाची मनाई नाई नं?"

मावशी हसली आणि रडलीही, एकदमच. मी पिशवी उघडली आणि दिसेल त्या हातात ज्वारी देत सुटले. वाडीच्या बायका म्हणाल्या, आमच्याकडे तांदूळ असतात. मी म्हटलं, आज आमच्याकडचं घ्या. आष्टीच्या एका गल्लीची ज्वारी अशी त्या ओल्या वाळूवर पडली. कोणाची मूठ कोणाच्या हातून गेली ते सांगता येणार नाही. मला फार आनंद झाला होता, आणि तो मी लपवलाही नाही. खुर्च्यांवरची सुटाबुटातली मंडळीसुद्धा शेवटी बूट काढून वाळूत आली.

जेवण अर्थातच कमी पडलं. मुलीकडच्यांनी शेवटच्या पंगतीला बसायचं ही आमची रीत, त्यामुळे आमच्या वाट्याला पांढरा भात, सोलकढी आणि भरपूर काकडी आली. मावशी इतक्या चवीनं जेवली की बघत राहावं.

आष्टीला परतल्यावर गल्ली लाडवांचे पुडे घ्यायला आली, फोटो बघायला बसली. काकू आल्या नाहीत. मावशीनं त्यांचा पुडा नेहमीप्रमाणे भिंतीवर ठेवला. दुसऱ्या दिवशीही तो तिथंच होता. तिसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या, तेव्हा मावशीनंच तो उचलला. मला इतका संताप आला, की ती ज्वारीची गोष्ट भिंतीवरून ओरडून सांगावी. मावशीनं डोळ्यांनीच गप्प केलं. पुढे कित्येक महिने त्या भिंतीवरून काही गेलं नाही, काही आलं नाही. मावशी मला फोनवर सगळं सांगायची, तेवढं सोडून. पण एकदा बोलता बोलता म्हणाली, "घरात आवाजच नाई राह्यला व." तिच्या घरात आवाज कधी नव्हताच. असायचा तो पलीकडचा.

वैशाखात त्या वाडीतल्या आजीचा फोन आला. नातवाचं लग्न होतं. "चुलीला बोलावणं आहे हो," आजी म्हणाली. मावशीनं हे मला सांगताना आनंदानं दोनदा सांगितलं. पण जाणं जमणार नव्हतं. तिचा गुडघा सुजला होता, पोरगी परदेशी गेलेली, आणि एकटीनं एवढा प्रवास होण्यासारखा नव्हता.

त्या लग्नाच्या दिवशी मी योगायोगानं आष्टीला पोचले. एसटीतून उतरले ती भुकेनं कासावीस, मनात मावशीचा झुणका. घरात शिरले तर ती ओसरीवर बसलेली, स्वयंपाकघर कोरडं ठणठणीत.

"आज चहाबी नाई भेटत," ती म्हणाली. "चूल बंद हाय."

मी कपाळाला हात लावला. "मावशी, अगं लग्न तिकडे समुद्रावर आहे!"

"म्हून काय झालं? आवतन घेतलं तं पाळा लागते."

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. त्या भिंतीला कान आहेत हे आम्हाला माहीत होतं. तोंडही आहे, हे आम्ही विसरून गेलो होतो.

"सकाळपासून कुकरची शिट्टी नाई तुह्या घरी. बिमार हायेस काय?"

मावशी दचकली. "नाई. चुलीले आवतन हाय."

"कोनाचं?"

"समुद्रावरचं."

"मंग गेली काऊन नाई?"

"गुडघा सुजला."

पलीकडे पावलं वाजली. मला वाटलं, काकू आत गेल्या.

"आन् खाशीन काय?"

"एका दिसानं काय होते."

काकूंचं डोकं भिंतीवर दिसलं. केस आणखी पिकले होते. त्यांनी मावशीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहून बोलल्या. "तिले म्हना, जेवाले ये. मी बलावून नाई राह्यली, समजलं? त्या समुद्रवाल्याईच्यातर्फे वाढून राह्यली. आवतन त्याईचं, ताट मांडते मी."

मी मावशीकडे पाहिलं. गाडीत पिशवीत पडलेली ती मूठ मला आठवली. मावशीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती भिंतीला हात टेकून, गुडघा सावरत उठली, पदर खांद्यावर घेतला आणि काकूंचं राहिलेलं कुंकू लावायला करंडा शोधायला आत गेली.