वाटाणा कोरडा की भिजलेला?

माझ्या सासूबाईंना, चंपाबाईंना, राग यायला कारण लागत नाही. पण गेल्या दसऱ्यानंतर त्यांना एकदा अगदी घसघशीत कारण मिळालं.

त्यांची बहीण, सुवर्णामावशी, संकेश्वरला असते. तिच्या नव्या घराची वास्तुशांत होती, म्हणून आम्ही सगळे वडगावहून गेलो होतो. सासूबाई दारात चप्पल काढतात न काढतात तोच मावशीच्या शेजारची एक नवी सून पुढं आली. तिनं वाकून नमस्कार केला, खुर्ची आणून दिली, पंख्याचं तोंड त्यांच्याकडं फिरवलं, सरबताचा पहिला पेला त्यांच्या हातात ठेवला आणि गोड आवाजात विचारलं, "तुम्ही सुवर्णाकाकूंच्या आई व्हय?"

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुवर्णामावशी थोरली. सासूबाई धाकट्या, आणि थोड्याथोडक्या नव्हे, चांगल्या पाच वर्षांनी.

मावशीचं तोंड देवानं इस्त्री करून दिलंय. सासूबाई वडिलांवर गेल्या. कपाळावर आठ्या, डोळ्यांच्या कडेला जाळं आणि दोन भुवयांच्या मधे एक उभी रेघ. ती रेघ मागाची. आमच्या घरामागच्या शेडमध्ये पॉवरलूम आहेत. त्या खटखटाटात उभं राहून तुटलेला धागा शोधायचा तर डोळे बारीक करावेच लागतात. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून डोळे बारीक करूनच जगाकडं बघतात. माझ्याकडं जरा जास्तच.

सरबत त्यांनी पिऊन टाकलं. फुकट कशाला घालवायचं? पण परतीच्या वाटेवर तोंड खिडकीबाहेरच ठेवलं. माझे सासरे यमनाप्पा स्वभावानं गरीब. न राहवून म्हणाले, "अगं, पोरगी नवी हाय. चुकली असंल."

"ती न्हाय चुकली. माझं तोंड चुकलंय."

तसं हे पहिल्यांदा घडत नव्हतं. नात्यातल्या प्रत्येक कार्यात अनोळखी बायका सासूबाईंनाच थोरली समजतात. पाटावर आधी त्या, हळदीकुंकू आधी त्यांना, पाया पडणं आधी त्यांच्या. मावशी बाजूला उभी राहते आणि काही म्हणत नाही. एका लग्नात सासूबाई ओरडून सांगत होत्या, "अवो, थोरली ती! ती!" पण बायकांना वाटलं, म्हातारी संकोचतेय. त्यांनी हसत हसत आणखी चार बोटं हळद फासली.

आणि आता माघात करिष्माचं लग्न होतं. करिष्मा म्हणजे या दोघी बहिणींच्या भावाची, बोरगावच्या मारुतीरावांची मुलगी. नवरदेवाकडचा सगळा गोतावळा निपाणीचा, आमच्यापैकी कुणालाच न ओळखणारा. आमच्या नात्यात हळदीच्या दिवशी वराकडच्या बायका नवरीच्या थोरल्या आत्याला पाटावर बसवतात, तिचे पाय धुतात, ओटी भरतात आणि मानाची साडी देतात. भर मांडवात, सगळ्यांच्या देखत.

"ह्या बारीला त्या पाटावर मला बसिवलं," सासूबाई म्हणाल्या, "तर मी मांडवातनं उठून वडगावपतोर चालत येतो बघ." आमच्या भागात बायकाही 'येतो-जातो'च म्हणतात.

मी शहापुरात औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. त्यामुळं घरात कुणाला शिंक आली तरी आधी माझ्याकडं बघतात. सासूबाईही आल्या, पण आडून आडून. आधी म्हणाल्या, हल्ली पोरी तोंडाला काय काय लावतात. मग म्हणाल्या, तसलं काही खरं नसतं. शेवटी म्हणाल्या, "सुरकुत्या जायचं कायतरी असंल की तुमच्यात."

मी रेटिनॉलची सगळ्यात सौम्य ट्यूब आणून दिली. गिऱ्हाइकाला सांगते ते सगळं एका दमात सांगितलं. रात्री झोपताना, तोंड धुऊन, कोरडं करून लावायचं. वाटाण्याएवढंच घ्यायचं. सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री. वरून साधं मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन. आणि दोन-तीन महिने धीर धरायचा. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"वाटाणा कोरडा की भिजलेला?"

मी भाकरी थापत होते. तव्यावरची करपायला आलेली. म्हटलं, "कुठलाबी."

आठवडा गेला आणि सासूबाईंचं तोंड लाल व्हायला लागलं. आधी गाल, मग नाकाच्या दोन्ही बाजू, मग हनुवटी. पाठोपाठ सालपटं निघायला लागली, उकडलेल्या बटाट्याची निघतात तशी. सासऱ्यांनी विचारलं, "चुलीवर वाकलीवतीस काय?" शेजारच्या रुक्माबाईंनी लांबूनच बघून निकाल दिला की ही नागीण आहे, आणि वाटीत गेरू कालवून घेऊन आल्या. सासूबाईंनी त्यांना वाटीसकट परत पाठवलं. माझा नवरा नागराज तर जेवताना ताटातून मान वर काढेना. आईकडं बघितलं तर हसू येणार आणि हसू आलं तर ताट जाणार, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

"आत्या, लावताय कसं तुम्ही?" मी विचारलं. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

"तू सांगितल्यागत."

"रात्रीच ना?"

"भाजी उतू चाललीया बघ," त्या म्हणाल्या. गॅसवर भाजी नव्हतीच.

रविवारी सकाळी धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले, तर सासूबाई स्टुलावर बसलेल्या. पूर्वेकडं तोंड, डोळे गच्च मिटलेले, आणि तोंडावर कपाळापासून गळ्यापर्यंत पांढराशुभ्र थर. ऑक्टोबरचं ऊन सरळ त्या थरावर पडत होतं. शेजारी ट्यूब, पार मुडपून शेवटापर्यंत पिळलेली.

"आत्या! हे काय चाललंय?"

"वाळवायलोय," डोळे न उघडता त्या म्हणाल्या.

मग उलगडा झाला. सासूबाई विणकराच्या घरात जन्मल्या, विणकराच्या घरात आल्या. लहानपणी त्यांच्या गल्लीत पहाटे रस्त्यावर ताणा पसरायचे, म्हणजे साडीचे उभे धागे, आणि कुंच्यानं त्याला खळ, म्हणजे पिठाची कांजी, पाजायचे. खळ अंगभर लागली पाहिजे, हात आखडला की धागा तुटतो. आणि उन्हात खडखडीत वाळली पाहिजे.

"तू म्हणालीस रात्री लावून झोपा. येडी हाईस काय? वल्ली खळ लावून अंधारात ठिवली की ताणा आंबतोय. वास मारतोय. माझा बाप कानाखाली काढायचा तसं केलं तर. म्हटलं, शिकलेल्या पोरीला कुठनं ठावं असणार? मी आपली रोज सकाळी लावून उन्हात बसायलोय."

"रोज?"

"रोज. आणि वाटाणा भिजलेला धरला. भरभक्कम."

त्या एका वाक्यात मी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीचा निकाल लागला होता. हसावं की रडावं कळेना. मी स्टुलाशेजारी बसले आणि पदरानं त्यांचं तोंड झाकून सांगितलं की हे वरून कडक करायचं औषध नाही. हे आतून जुनी कातडी ढकलतं आणि नवी आणतं. नवी कातडी कोवळी असते, ती उन्हात धरली की भाजते.

त्यांनी पदराआडून एक डोळा उघडला. मग म्हणाल्या, "म्हंजे हे खळ लावायचं काम न्हाय. आतनं नवं विणायचं काम हाय."

"व्हय."

"मग आधी सांगायला तोंड शिवलंवतं व्हय तुझं? नवा माग पहिल्याच दिवशी कोण जोरात सोडतंय? वाईच सोडायचा, बंद करायचा, बघायचं. एवढं मला कळत न्हाय?"

चूक कुणाची हे ठरवायचं काम आमच्या घरात फार लवकर उरकतं. मी उठून धुणं वाळत घालायला लागले.

दिवाळी सासूबाईंनी साध्या मॉइश्चरायझरवर काढली. तोंड शांत झालं तसं पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी इतकी नेमानं की सासरे कंटाळले. कोरडा वाटाणा ताटलीत ठेवून त्याच्याशी मापून क्रीम काढायच्या. तो वाटाणा एकदा सासऱ्यांनी चुकून आमटीत टाकला तेव्हा झालेला गोंधळ मी सांगत नाही. सासऱ्यांचं डोकं फिरलं की ते कानडीत बोलतात. "साकु!" म्हणाले, म्हणजे पुरे, आणि दोन दिवस मागाच्या शेडमध्येच जेवले. सनस्क्रीन लावलं की सासूबाई पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या दिसायच्या, म्हणून वरून पदर गुंडाळायच्या, स्कूटीवरच्या पोरींसारखा. एकदा भाजीवाल्यानं त्यांना 'ताई' म्हटलं. त्या आनंदात त्या किडकी वांगी घेऊन आल्या आणि वर त्याचं कौतुक सांगत बसल्या.

मला आपलं वाटायचं, म्हातारपणी हौस आलीय. मनातल्या मनात मी भरपूर हसून घेतलं. पण एकदा संध्याकाळी तोंड धुता धुता त्या आपणहून बोलल्या.

"आई गेली तवा आक्का अजून फराक घालायची गं. शाळा सोडली तिनं. सुताच्या कांड्या भरायची, भाकरी करायची, माझी येणी घालायची. मला भाकरी पुरली न्हाय तर आपल्यातली द्यायची आणि म्हणायची, पोट भरलं माझं." त्यांनी टॉवेलनं तोंड टिपलं, चोळलं नाही, आता त्यांना कळत होतं. "आणि मांडवात माझं पाय धुत्यात, आणि आक्का खांबाला टेकून हुबी. एक शब्द बोलत न्हाय. लाज वाटती गं मला. लई लाज वाटती."

माझं हसू तिथंच संपलं. त्यांना तरुण दिसायचं नव्हतंच. त्यांना फक्त बहिणीहून लहान दिसायचं होतं, एका सकाळपुरतं.

माघ आला. क्रीमनं किती केलं आणि पदरानं, सनस्क्रीननं किती केलं, देव जाणे. आठ्या काही पार गेल्या नाहीत, पण जाळं विरळ झालं, रंग एकसारखा झाला आणि ती मधली रेघ फिकट झाली. हळदीच्या दिवशी बोरगावच्या मांडवात दोघी बहिणी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. नवरदेवाची आई ताट घेऊन आली, पाटापुढं थांबली आणि म्हणाली, "थोरल्या आत्याबाई कुठल्या?"

कुणी काही सांगायच्या आत ती दोघींकडं बघायला लागली. एकदा इकडं, एकदा तिकडं. सासूबाईंनी डोळे मुद्दाम मोठे केले होते. मीही.

तिनं सुवर्णामावशीचा हात धरला. "या की आत्याबाई, बसा." आणि मागं वळून सासूबाईंना म्हणाली, "धाकट्या आत्याबाई, तेवढा तांब्या धरा बघू."

सासूबाईंनी तांब्या असा धरला की जणू कुणी बक्षीस दिलंय. त्यांनीच पाणी घातलं, त्या बाईनं पाय धुतले, ओटी भरली, साडी ठेवली. मावशी मान खाली घालून बसली होती. कुंकू लावायला तिची हनुवटी वर केली तेव्हा दिसलं, ती रडत होती.

"काय झालं वो?" नवरदेवाची आई घाबरली.

"काय न्हाय," मावशी म्हणाली. "आई गेल्यापासनं थोरलीच हाय मी. आज कुणीतरी वळखलं."

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि मांडवादेखत बहिणीच्या ओल्या पायांवर डोकं टेकलं. जरा जास्तच वेळ टेकलं. कपाळाची हळद मावशीच्या पायाला लागली.

एवढ्यावर थांबलं असतं तर गोड झालं असतं. पण धाकटेपणाला कामंही असतात, हे सासूबाई विसरल्या होत्या. मावशी पंख्याखाली खुर्चीत, आणि इकडं "धाकट्या आत्या, आमटी आणा", "धाकट्या आत्या, तिकडच्या पंगतीला भात". दुसऱ्या पंगतीला त्यांनी कमरेवर हात ठेवला, तिसऱ्या पंगतीला माझ्याकडं असं बघितलं की जणू क्रीम मीच बळजबरीनं लावलं होतं.

संध्याकाळी सगळं पांगल्यावर दोघी बहिणी पाय पसरून बसल्या. मावशीनं सासूबाईंच्या गालावरून बोट फिरवलं.

"चंपे, उजाळलीस गं. तोंडाला काय लावतीस?"

"खळ."

"मस्करी नको. मला बी दे की."

मी मावशीसाठी एक नवी ट्यूब आणलीच होती. पर्सची चेन उघडायला लागले, तर सासूबाईंनी पर्सवर हात ठेवला.

"ठिव आत ते," मला म्हणाल्या. मग बहिणीकडं वळून, डोळे पार बारीक करून म्हणाल्या, "तुला न्हाय मिळायचं. आत्ता कुठं थोरली झालीस. थोरलीच दिस."