रिकाम्या पाटापुढे वाचलेली राज्यघटना

मी स्वभावानं तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला मोठा भक्त समजणार नाही. नोकरीसाठी राज्याबाहेर, नरोलीत भाड्याच्या खोलीत राहत होतो तेव्हा तर देवाशी माझं बोलणंच बंद झालं होतं. राज्यसेवेची परीक्षा इतक्या वेळा देऊन झाली होती की गावाकडचं कोणी सहज जरी "अभ्यास कसा चाललाय?" म्हणालं तरी माझं डोकं फिरायचं. वयाच्या अटीत बसणारी ती शेवटची संधी होती. ती हुकली की जन्मभर कंपनीच्या लॅबमध्ये धागा ताणून त्याची ताकद तपासत बसायचं, दुसरं काही नाही.

आधी खोलीत माझा एक जोडीदार होता, नंदुरबारकडचाच. संध्याकाळी आम्ही एकमेकांना कलमं म्हणून दाखवायचो, चुकलं की शिव्या घालायचो. मला मोठ्यानं म्हटल्याशिवाय आणि समोर कोणी ऐकल्याशिवाय काही लक्षातच राहत नाही. तो तलाठी झाला आणि गेला. आनंद झाला, पण खोटं कशाला बोलू, पोटातही दुखलं. त्यानंतर कंपनीत दिवसभर हिंदी, दुकानात गुजराती आणि खोलीवर आलं की आपणच आपलं कुलूप काढायचं. आठवडेच्या आठवडे तोंडातून मराठीचा शब्द निघायचा नाही. रविवारी आईचा फोन यायचा. "पारायण कर रे, महाराज बघतील." मी "हो हो" म्हणून फोन ठेवून द्यायचो. इतका एकटेपणा मी त्याआधी कधी अनुभवला नव्हता, आणि तो कोणाला सांगायचीही लाज वाटायची.

परीक्षा जवळ आली. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, आत काही शिरायचं नाही. एका संध्याकाळी मी ठरवून टाकलं, या वेळी परीक्षेला जायचंच नाही. उगाच पुन्हा नापासाचा शिक्का कशाला? आणि हे ठरवल्यावर हलकं वाटायच्या ऐवजी मला भयंकर राग आला, तोही थेट दत्तावर. आमच्या घरी आई पोथी वाचायला बसली की समोर एक रिकामा पाट मांडते. महाराज येऊन ऐकतात, म्हणून तो पाट त्यांचा. त्यावर घरातलं कोणी बसत नाही. मी जेवायचा पाट ओढला, भिंतीशी ठेवला आणि म्हणालो, "आईचं ऐकायला येतोस ना? मग आज माझंही ऐक!" बाहेर गटारीचा वास सुटला होता म्हणून उदबत्ती लावली, वाऱ्यासाठी दार उघडं ठेवलं आणि राज्यघटना मोठ्यानं वाचायला लागलो. भक्ती कसली, निव्वळ भांडण होतं ते.

राष्ट्रपतींचे अधिकार वाचत होतो. दारात कोणीतरी चपला काढल्या. पाहतो तर डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी. तिनं आत येऊन हात जोडले आणि सरळ त्या पाटावर जाऊन बसली. माझ्या अंगावर काटा आला. वाचणं थांबलं, तशी ती म्हणाली, "वाच ना रे बा. मधी थांबू नको." आवाज आमच्या खान्देशातला! मग मी वाचत राहिलो. फाशीची शिक्षा झालेल्याला राष्ट्रपती माफी देऊ शकतात, ते कलम संपलं तेव्हा तिनं विचारलं, "आनि त्यानं बी नही ऐकं तर?" मी नुसतंच पान उलटलं. जाताना तिनं प्रसादासाठी हात पुढे केला. घरात दुसरं काही नव्हतं, मी चिमूटभर साखर ठेवली. ती तिनं कपाळाला लावून तोंडात टाकली.

ती पलीकडच्या चाळीतली. मुलगा आणि सून दोघंही कंपनीत, म्हणून तिला शहाद्याजवळच्या गावाहून इथे आणलेलं. दिवसभर खोलीत एकटी. रात्रभर मला चैन पडलं नाही. म्हातारीला पोथी म्हणून काय ऐकवलं मी? दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा सांगून टाकलं, "आजी, ही पोथी नाही. परीक्षेचं पुस्तक आहे."

ती हसायलाच लागली. "माले कालच समजनं व्हतं. पोथीमा राष्ट्रपती कोठे ऱ्हास रे? पन आपला मानूस बोली ऱ्हायना व्हता ना!"

"आणि पाटावर कशा बसलात?"

"गुडघा दुखतस, म्हनीसन बसनू."

मी पुस्तक उघडलं.

मग ती रोज दिवेलागणीला यायला लागली. मी वाचायचो आणि ती दर थोड्या वेळानं "मंग?" म्हणायची. त्या "मंग?"ला उत्तर द्यायचं म्हणजे पाठांतर चालत नसे, गोष्टच सांगावी लागे. कधी ती बसल्या बसल्या पेंगायची, मग मी चहा टाकायचो. एकदा तिला इथल्याच भागाचा इतिहास सांगितला. पोर्तुगीज गेले, पण हा मुलूख लगेच भारतात आला नाही. काही वर्षं इथल्या पंचायतीनंच कारभार पाहिला आणि मग घटनादुरुस्ती होऊन तो सामील झाला. ती गुडघा चोळत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मन्हा मायक. गावनी बी नही, आठली बी नही." तिच्यासारखाच हा मुलूख, असं म्हणून पदरानं डोळे पुसले तिनं. मलाही रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. इथे एकटा पडलेला मीच आहे असं मी धरून चाललो होतो. पलीकडच्या चाळीत दुसरं माणूस तसंच दिवस ढकलतंय, हे माझ्या गावीही नव्हतं.

मी परीक्षेला गेलो. पूर्वपरीक्षा पास झालो. पुढे आजीच्या मुलानं कंपनी सोडली आणि आजी गावी गेली. मी एकट्यानं मुख्य परीक्षेचा अभ्यास केला, मोठ्यानं वाचून आणि स्वतःलाच "मंग?" विचारून. पण आतल्या आत आता पोकळ वाटत नसे. कोणी ऐकतंय असं वाटायचं. कोण, ते मला सांगता येणार नाही आणि पटवूनही द्यायचं नाही.

निकाल लागला. माझं नाव नव्हतं. वय संपलं, विषय संपला. आईला सांगायचा धीर होईना, म्हणून आधी आजीच्या मुलाच्या फोनवर फोन लावला. आजीनं विचारलं, "लागना का रे निकाल?"

"लागला आजी. मी राहिलो."

ती म्हणाली, "बरं. जेवना का?"

मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तसं सांगितल्यावर तिनं मला असं झापलं की बस! "पह्यले जेव. मंग फोन कर." फोन ठेवला आणि मी ढसाढसा रडलो. मी दत्ताकडे इतकी वर्षं पद मागत होतो, रागावत होतो, अटी घालत होतो. त्यानं ते दिलं नाही, आणि का दिलं नाही हे आता मी विचारत नाही. ज्या माणसाला महिनोन्महिने कोणी हाक मारत नव्हतं, त्याला जेवलास का म्हणून विचारणारं माणूस त्यानं पाठवलं, न मागता. उठून गॅस पेटवला, खिचडी टाकली. ताटासमोर हात जोडले तेव्हा सवयीनं काहीतरी मागायला तोंड उघडलं, पण मागण्यासारखं काही आठवलंच नाही. मग मी जेवलो आणि आजीला फोन केला.