आत्याचा वाढत्या मापाचा वेकबोर्ड

माझी आत्या बुडून मेली नाही.

एकदाच लिहितेय, नीट वाचा. ती डेंग्यूने गेली, हॉस्पिटलच्या कोरड्या पलंगावर. पाण्याला दोष द्यायचाच असेल तर आमच्या सोसायटीच्या गच्चीवर उघड्या पडलेल्या ड्रममधल्या पाण्याला द्या. पण ड्रम कमिटीचा, त्यामुळे त्यावर कोणी तोंड उघडत नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं. वर्षभर ऐकतेय, "या वयात कशाला हवे होते पाण्यातले उद्योग?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुनंदा आत्या, बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, कुर्ल्याला आमच्याबरोबरच राहायची. अंधेरीच्या एका ऑफिसात अकाउंट्समध्ये नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर पोहायला शिकली. मग एका रविवारी माझ्याबरोबर लोणावळ्यापलीकडच्या तळ्यावर आली. तिथे आमचा ग्रुप वेकबोर्डिंग करतो. बोटीला बांधलेली दोरी धरायची, पायात बोर्ड अडकवायचा आणि बोट ओढेल तसं पाण्यावरून जायचं.

परत येताना म्हणाली, "मला हे करायचंय."

परवानगी मागितली नव्हती. कळवलं होतं.

ग्रुपमध्ये कौस्तुभ नावाचे एक महाज्ञानी आहेत. त्यांच्याकडे भरपूर बोर्ड आहेत आणि सगळ्यांचे फोटो छान येतात. त्यांनी आत्याला लेक्चर दिलं. पहिला बोर्ड स्वस्तातला घ्यायचा नाही. इम्पोर्टेडच हवा. बोर्डावर बसवलेले बूट बंद, अगदी आपल्या मापाचे हवेत. मग माझ्याकडे वळून, पण आत्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "आधी त्या उभ्या तर राहू देत यार."

आत्याने मान डोलावली आणि स्वतःला हवं तेच केलं.

आमच्या घरात शाळेचा प्रत्येक युनिफॉर्म वाढत्या मापाचा यायचा. खांदे उतरलेले, हेम दुमडलेलं. तो घ्यायला आत्याच जायची. बोर्डही तिने तसाच घेतला.

वर्सोव्याला एक माणूस शहर सोडून चालला होता, त्याचा वापरलेला. कडेला ओरखडे, पण तडा नाही. तिने दुकानात भांडं वाजवून बघतात तसं खालून-वरून वाजवून पाहिलं. बूट पुढून उघडे, पट्ट्याने आवळायचे, म्हणजे लहान-मोठा कुठलाही पाय बसतो. तो माणूस बिचारा प्रामाणिक. म्हणाला, तुमच्या वजनाला हा मोठा पडेल.

"पडू दे," आत्या म्हणाली. "घरात तीन जणींचे पाय आहेत."

तीन म्हणजे ती, मी आणि माझी आई. आई, जी तोपर्यंत चौपाटीवर घोट्यापर्यंतसुद्धा पाण्यात उतरली नव्हती.

बोर्ड रिक्षात आडवा घालून आणला. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "मॅडम, इस्त्री का टेबल है क्या?" आत्या म्हणाली, "हां, समझो वही."

कौस्तुभरावांनी बोर्ड पाहून भाड्याचा वाटतो असं जाहीर केलं.

खरं सांगायचं तर मापाच्या बाबतीत त्यांचं बरोबर होतं. बोर्ड मोठाच होता. वळायला मागायचा नाही. पण आत्याला वळायचं कुठे होतं? तिला उभं राहायचं होतं.

कितीतरी रविवार ती पडली. नाकातोंडात पाणी, गुडघे काळेनिळे. घरी येऊन तेल चोळायची आणि आईला सांगायची की आज जरा कमी वाईट पडले. बोटीवरचे लोक तिची पाळी आली की सँडविच काढायचे.

आणि एका सकाळी ती उभी राहिली.

वाकलेली, दातओठ खाऊन, पण उभी. तो अवजड, न वळणारा बोर्ड तिला घेऊन सरळ चालला होता. व्हिडिओ नाही. कौस्तुभराव तेव्हा गॉगल पुसत होते. फक्त मी पाहिलं.

पडली, वर आली, खोकली आणि पहिलं विचारलं, "उभी होते ना गं मी?"

"होतीस."

बोटीत चढल्यावर ती रडली. मीपण.

आज त्याच कौस्तुभने तिचा फोटो टाकलाय. 'क्वीन ऑफ द लेक. आय टॉट हर.' मला टॅगही केलंय. टॅग काढलाय रे. पुन्हा करू नकोस.

आता आमचे दिलीपकाका, आत्याचा धाकटा भाऊ. दर भीमजयंतीला स्टेजवरून अंधश्रद्धेवर भाषण ठोकतात, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. आज सकाळी भन्तेजी यायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाले, तो बोर्ड हॉलमधून काढ, गेलेल्या माणसाची असली वस्तू घराला बरी नसते.

मी विचारलं, ही कितवी प्रतिज्ञा?

म्हणाले, तसं नाही गं, लोक काय म्हणतील. लोक! लोकांनी ड्रम झाकला नाही वर्षभर.

बोर्ड मी तिच्या फोटोशेजारीच उभा केला. त्रिसरण-पंचशील झालं, भोजनदान झालं. भन्तेजींनी बोर्डाकडे पाहिलं आणि खीर छान झाल्याचं सांगून निघाले. घराला काही झालं नाही.

पाहुणे चपला शोधत होते तेव्हा आईने बोर्ड आडवा घातला. पांढरी साडी जराशी वर धरली आणि काकांच्या समोर दोन्ही पाय बुटांत घातले.

मी पट्टा सोडायला खाली वाकले.

"सैल नको करूस," आई म्हणाली. "तिने ठेवलाय तसाच बरोबर होतोय मला."

काका चपला न शोधताच गेले.

आत्या, आईने कालच पोहण्याच्या क्लासचं विचारून ठेवलंय. मला आत्ता कळलं.

तुला खूप प्रेमाने आदरांजली. जय भीम.