रिकामी खुर्ची काय बोलली

इंग्रजीतले अलंकार ओळखण्यात माझा हात धरणारं आमच्या वर्गात कोणी नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्याचा मला माजही होता. आमच्या बाईंनी रीतच तशी घालून दिली होती. धडा हातात आला की तांबडी पेन्सिल घ्यायची आणि 'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं की खाली रेघ मारायची. ती सिमिली. निर्जीव वस्तू माणसासारखं काही करताना सापडली की पर्सॉनिफिकेशन. जगात होऊच शकणार नाही असं काही लिहिलेलं असलं की हायपरबोली. यातलं काहीच बसत नसेल तर मेटॅफर लिहून मोकळं व्हायचं. तांदूळ निवडावेत तसा मी धडा निवडत असे. वाक्य म्हणतंय काय, ते वाचायला वेळ कोणाला होता? आठवीपर्यंत इंग्रजीचं तोंड न पाहिलेल्या मुली आम्ही. मार्क ओळखण्याला होते, आम्ही ओळखत होतो.

त्या वर्षी मी अकरावीत होते, तेव्हा शाळेची शेवटची इयत्ता तीच. परीक्षेचं नाव बदलून एसएससी झालं होतं, पण पार्ल्यात अजून सगळे मॅट्रिकच म्हणत. आमच्या घरातून त्या वर्षी दोघी बसणार होतो. एक मी आणि दुसरी वहिनी.

दादाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. वहिनी मालवणकडची. शाळेत हुशार, पण मॅट्रिकला इंग्रजीत गेली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. ते नापास होणं तिच्या मनातून काही जाईना. एके दिवशी तिने स्वयंपाकघराच्या दाराआडून बाबांना स्वतःच विचारलं. मी गारच पडले. बाबा एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि घरातही मोजकंच बोलत. ते म्हणाले, "बसू दे. पण एकदाच. या खेपेला राहिली तर या घरात तिच्या परीक्षेचा विषय पुन्हा निघायचा नाही." आई म्हणाली, "घरातलं आटपून कर काय ते." आणि इंग्रजी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मला तर आकाश ठेंगणं झालं.

माझी शाळा सकाळची. दुपारी भांडी घासून झाली की आम्ही मागच्या पडवीत बसायचो. तिथे जवळच्या कारखान्यातल्या बिस्किटांचा वास यायचा, आणि वहिनीने प्रश्न विचारून माझं डोकं उठवलेलं असायचं. तिला अलंकारांची इंग्रजी नावं म्हणून लक्षात राहत नसत. सिमिलीला मेटॅफर म्हणायची, मेटॅफरला आणखी काही. आणि एक वाक्य पुढे सरकू देईल तर शपथ.

"अगो, पण ह्यां कोण बोलता? आणि कोणाक?" ती विचारायची.

"कोणी का बोलेना! 'ॲज' आहे ना? मार रेघ आणि चल पुढे."

"तसं कसं गो? बाई नवऱ्याला म्हणते की सासूला, त्यावर नाही का अर्थ ठरत?"

"परीक्षेत ते विचारत नाहीत, वहिनी!"

जानेवारीत मी तिला दहा वाक्यं घातली. दोनच बरोबर आली. माझा पारा चढला आणि मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "तुझं काही खरं नाही. उगाच बसतेयस. बाबांना आत्ताच सांगून टाक, निदान शोभा तरी व्हायची नाही."

तिने पुस्तक मिटलं, फळीवर ठेवलं आणि गहू पाखडायला घेतले. दुसऱ्या दिवशी पडवीत आली नाही. तिसऱ्याही नाही. मी हाक मारली तर म्हणे, काम आहे. मला चुटपुट लागली होती, पण माफी मागायची म्हणजे माझ्या जिवावर यायचं. अजूनही येतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी शाळेत चाचणीचे पेपर मिळाले. या वेळी बाईंनी नवीनच टूम काढली होती. अलंकार ओळखा, आणि वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा. एक वाक्य होतं: 'हिज एम्टी चेअर स्पोक टू अस ऑल दॅट ईव्हनिंग.' त्याची रिकामी खुर्ची त्या सगळ्या संध्याकाळी आमच्याशी बोलत होती. मी ठसक्यात पर्सॉनिफिकेशन लिहिलं होतं आणि अर्थ म्हणून, 'लेखकाने खुर्ची बोलते अशी कल्पना केली आहे.' बाईंनी मला उभं केलं.

"खुर्ची बोलली. बरं. काय बोलली?"

मग बाईच म्हणाल्या, "तुला खुर्ची दिसली, बोलणं दिसलं. माणूस नाही दिसला?" वर्ग हसला. मला बाकाखाली जावंसं वाटलं. तरी खरं सांगते, माणूस कुठे होता ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

घरी आले तेव्हा वहिनी एकटीच चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मी पेपर तिच्यासमोर धरला आणि म्हटलं, "हे सांग. कोण बोलतंय आणि कोणाला?" तिने पिठाचे हात तसेच वर धरून वाक्य हळूहळू वाचलं. मग म्हणाली, "गेलाय गो त्यांच्यातला कोणीतरी. नुकताच."

"कुठे लिहिलंय तसं?"

"लिहायला कशाला हवं? आमचे वडील गेले ना, तेव्हा त्यांची आरामखुर्ची पडवीत तशीच होती. कोणी बसायचं नाही तिच्यावर, आणि कोणी उचलायचंही नाही. आई रोज पुसायची. दिवेलागणीला आम्ही सगळी गप्प बसलेली असायचो, आणि घरात जे काय बोलणं व्हायचं ते त्या खुर्चीचंच." भाकरी करपायला लागली तेव्हा ती भानावर आली. मला रडू आलं. तिच्या वडिलांसाठी आलं, आणि स्वतःची लाज वाटली म्हणूनही आलं.

मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी मी फार वाईट बोलले."

"बोललीस खरी," ती म्हणाली. "पण नावं मला येत नाहीत हेही खरंच आहे. आणि माणसं सरळ बोलतातच कुठे? घरातले तांदूळ संपले तर तुझी आई संपले म्हणते? वाढले म्हणते. बांगडी फुटली म्हणते? वाढवली म्हणते. निघालेला माणूस येतो म्हणून जातो. इंग्रज तरी का सरळ बोलेल?"

सोळा वर्षं याच घरात हेच ऐकत होते मी, आणि तांबडी पेन्सिल घेऊन परक्यांच्या धड्यात शोधत बसले होते. त्या दिवसापासून आमचा धंदा बदलला. वाक्य आलं की आधी ती सांगायची, कोण, कोणाला आणि का. मग मी नाव सांगायचे. आणि नावं तिच्या डोक्यात बसावीत म्हणून आम्ही ती घरातल्या माणसांना वाटून टाकली. बाबा आम्हाला सरळ 'गाढव' म्हणत, गाढवासारखी वगैरे भानगड नाही, म्हणून बाबा मेटॅफर. दादाला प्रत्येक गोष्टीला 'जसं काही' लागायचं, तो सिमिली. आईचा स्टो रोज रुसायचा आणि दूध तिच्यावर डूख धरून उतू जायचं, ती पर्सॉनिफिकेशन. शेजारच्या काकू आल्या की त्यांना 'लाख वेळा' सांगितलेलं असायचं आणि 'मेले बाई चालून चालून'. त्या दारात दिसल्या की वहिनी माझ्या कानात हायपरबोली म्हणायची, आणि आम्ही दोघी तोंडाला पदर न् ओढणी लावून आत पळायचो. आईला वाटायचं, पोरींना अभ्यासाने वेड लागलं.

बाबा यातलं काही विचारत नसत. पेपर कसे गेले, तेही नाही. जेवताना ताटाकडे बघत जेवायचे आणि उठायचे. मला त्यांचा रागच येई. एवढी बाई अभ्यासाला पहाटे चारला उठते, यांना त्याचं काही आहे का, असं वाटायचं. वहिनी म्हणायची, "असू दे गो." परीक्षा झाल्यावर मात्र ती एकदाच म्हणाली, "राहिले तर तुझ्या बाबांना तोंड कसं दाखवू?"

जूनमध्ये निकाल लागला. पास झालेल्यांचे नंबर वर्तमानपत्रात छापून येत. बाबा सकाळीच स्टेशनवर जाऊन अंक घेऊन आले आणि चपला न काढता ओटीवर उभ्या उभ्या बघायला लागले. त्या बारीक आकड्यांवरून त्यांचं बोट खाली खाली जात होतं. मी दारात, वहिनी माझ्या मागे. बोट थांबलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून तोच आकडा पुन्हा पाहिला.

"सूनबाई, पास," ते म्हणाले.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा नंबर काय गं?"

माझाही निघाला म्हणा. पण वहिनीचा नंबर त्यांनी कोणाला विचारला नव्हता. तो त्यांना पाठ होता.