सरळ उत्तर दिलं तो दिवस

ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी माझं काळीज हातात घेतलं, तर ते मी मंगरूळपीरच्या बाजारात नेतो त्या भरताच्या वांग्याएवढं निघालं. मी स्वतः पाहिलं. बेशुद्ध होतो, तो भाग वेगळा.

त्यानंतरचे अकोल्याच्या दवाखान्यातले दिवस मला अजून आठवतात, आणि गोड आठवतात. आमच्या वॉर्डातली सिस्टर आसेगावकडची. मनगट धरून नाडी मोजल्यासारखं दाखवायची आणि चोरून श्वास मोजायची. नख दाबून रंग परत येतो का बघायची. टाके पाहायची. शेवटी, डोकं ठिकाणावर आहे का हे कळावं म्हणून विचारायची, काका, तुमी कुठं हाय? मी कधी सासुरवाडीत असायचो, कधी विमानात; एकदा तर दिल्लीत मंत्र्यांना भरीत वाढत होतो. बाकीचे पेशंट टाके दुखू नयेत म्हणून छातीशी उशी आवळून हसायचे.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं विचारलं आणि मी म्हणालो, "दवाखान्यात."

बायकोनं वर पाहून हात जोडले. तीस वर्षांच्या संसारातलं माझं पहिलं सरळ उत्तर. "ताई, शाने झाले हे," ती म्हणाली.

सिस्टर हसली नाही. "मावशी, शाने नाई झाले. ह्यायचं काहीतरी बिघडून राह्यलं."

तिनं घड्याळ लावून पुरता मिनिटभर श्वास मोजले. ताप नव्हता. पण श्वास भराभर चाललेला, हात गार, बीपी उतरलेलं, लघवीची पिशवी जवळजवळ रिकामी. डॉक्टर फोनवर म्हणाले, थकले असतील, तासाभरात येतो. तिनं सगळे आकडे वाचून दाखवले आणि वर म्हणाली, "सर, आत्ता या. हा माणूस खोटं बोलायचा थांबला."

डॉक्टर धावत आले. रक्तात जंतुसंसर्ग पसरू लागला होता. रक्त तपासायला गेलं, लगेच सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू झालं. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर हे हाती लागले नसते, असं त्यांनी बायकोला सांगितलं. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवायला त्यात जागाच नाही.

दोन दिवसांनी मला नीट हुशारी आली. बायको उशाशी बसलेली, डोळे सुजलेले.

"बोला ना काही," ती म्हणाली. "खोटं बोला."

मी सुरू झालो. तिनं एकदाही टोकलं नाही. तसं ऐकणं मला पुन्हा मिळालं नाही. घरी आल्यावर चौथ्याच दिवशी ती म्हणाली, पुरे करा आता.